दहाव्या मिनिटाला सापडलेला खुनी

नारायण शेडगे सरांच्या नाटकातला खुनी कोण, हे नाटक रंगमंचावर येण्याआधीच तीन जणांनी ओळखलं होतं. त्यात एक सरांची बायको होती, एक शेजारी होता आणि एक पोलीस होता. सरांना सगळ्यात जास्त लागलं ते पोलिसाचं, कारण त्यानं ते लेखी दिलं होतं.

पलूसच्या अलीकडं सहा किलोमीटरवर सरांचं गाव. तिथल्या हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. यंदा दिवाळीनंतरच्या रविवारी शाळेच्या सगळ्या जुन्या तुकड्यांचा एकत्र मेळावा ठरला, आणि एक्याण्णवच्या दहावीचा विश्वजीत, जो आता द्राक्षबागेच्या औषधांचं दुकान चालवतो, सरांच्या घरी येऊन म्हणाला की यंदा ऑर्केस्ट्रा नको, सरांनीच एक नाटक लिहावं आणि आपण करावं. दुसरा कोणी असता तर "छे, छे, मला कुठलं जमतंय" असं निदान एकदा म्हणाला असता. सर तेही विसरले. त्यांनी थेट विचारलं, "रहस्यनाटक चालेल का?"

या घाईला कारण होतं. सर निवृत्त झाले त्या समारंभात संस्थेचे अध्यक्ष भाषणात म्हणाले होते, "शेडगे सरांनी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं फार उत्तम शिकवलं." अध्यक्षांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. सरांनी शाल अंगावर घेतली, नारळ हातात घेतला, घरी आले आणि आठ वर्षं ते वाक्य मनातल्या मनात घासत बसले. दुसऱ्यांनी लिहिलेलं. म्हणजे आपलं स्वतःचं असं काहीच नाही? एक तरी गोष्ट अशी हवी, की ती नारायण शेडग्यांच्या डोक्यातून निघाली आणि आधी कोणाला ठाऊक नव्हती. एवढीच इच्छा होती.

बावीस दिवसांत नाटक लिहून झालं. पाचगणीला एक बंगला. बाहेर धुवाधार पाऊस. पसरणी घाटात दरड कोसळून रस्ता बंद. बंगल्यात बडे बागायतदार दाजीसाहेब, आणि त्यांच्या इस्टेटीवर डोळा ठेवून आलेले चौघे: आंधळा मामा, घरचा डॉक्टर, परदेशातून अचानक उगवलेला जुळा भाऊ आणि जुना मुनीम. दिवे जातात. दिवे येतात तेव्हा आतून कडी लावलेल्या खोलीत दाजीसाहेब मरून पडलेले, भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून दहा मिनिटांनी बंद पडलेलं, आणि खिडकीखाली चिखलात एकाच पायाचे ठसे. मग एक हुशार गुप्तहेर येतो (दरड पडलेली असताना कुठून येतो, हे सरांनी विचारू दिलं नाही) आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा करतो.

आता या सगळ्या वस्तू वाचकानं कुठंतरी पाहिल्यासारख्या वाटतील. सरांना तसं वाटलं नाही. त्यांनी तरुणपणापासून जेवढी रहस्यं वाचली त्यातलं जे जे उत्तम ते त्यांच्या डोक्यात जमा झालं होतं, आणि इतकी वर्षं झाल्यावर कुठलं कुणाचं हे राहिलं नव्हतं. वर्गात फळ्यावर टिपणं काढून देणाऱ्या माणसाला चांगलं ते उचलून नीट मांडण्याची सवय असते. त्यात चोरी आहे असं त्याला वाटत नाही.

वाचनाचा पहिला मान सरांनी बायकोला दिला. उमाबाई मूळच्या साताऱ्याच्या, त्यांच्या मताला घरात वजन. त्या पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. तिसऱ्या पानावर मामा काठी टेकत आत आला, तशी उमाबाईंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली आणि म्हणाल्या, "आंधळा नाहीच हो तो. त्यानंच मारलंय."

सर थांबले. खुनी मामाच होता. त्यांनी वही मिटली आणि अत्यंत शांतपणे विचारलं की तुला कसं कळलं. उमाबाई म्हणाल्या, कसं म्हणजे काय, माहीतच आहे मला. पुढं सरांनी पुष्कळ खोदलं, पण पावट्याला फोडणी द्यायची वेळ झाली होती.

सरांनी वही कपाटात ठेवून किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली आणि रात्रीचं जेवण होण्याआधी खुनी बदलला. आता डॉक्टर खुनी झाला. डॉक्टर मागून येतो आणि दाजीसाहेबांच्या पाठीत गोळी घालतो.

दाजीसाहेबांचं काम शेजारच्या सुभेदार जोतिबांना दिलं होतं. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, मिशा भरघोस, आणि पहिल्या प्रवेशात मरायचं असल्यामुळं पाठांतर कमी. पण सुभेदारांनी आपलं मरण कसं आहे हे ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"पाठीत गोळी?" ते म्हणाले. "सर, लढाईचे दोन मोर्चे बगितल्यात म्या. पाठीत गोळी खाल्ली तर रेजिमेंटला काय तोंड दावू? छातीत घाला."

सर म्हणाले, छातीत घातली तर मारणारा दिसेल आणि दाजीसाहेब मरताना नाव सांगून मोकळे होतील. सुभेदारांनी क्षणभर विचार केला. मग म्हणाले, "आवं, डागदर गोळी कशाला घालंल? इंजेक्शन दील की. दोन मिन्टात काम फत्ते."

"डॉक्टर मारतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्योच मारनार. ह्ये काय सांगाय लागतंय व्हय?"

सर घरी आले ते कुंपण ओलांडूनच, पण त्यांना तो रस्ता फार लांब वाटला. वही कपाटात, किल्ली गळ्यात, आणि डॉक्टर खुनी झाल्याला अजून दोन दिवसही झाले नव्हते. त्यांनी कपाटाची मागची बाजूही तपासली. उमाबाईंवर संशय घेता येईना, कारण त्यांचा खुनी मामा होता. सरांनी अत्यंत जड मनानं डॉक्टरला निर्दोष ठरवलं आणि जुळ्या भावाला कामाला लावलं.

मध्ये लाउडस्पीकरच्या परवानगीचं निघालं. सर अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेले. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या दिवशी कळलं की नाटक असेल तर संहितेची प्रत जोडावी लागते. तिसऱ्या दिवशी संहितेत पिस्तूल आहे असं निघालं, तेव्हा ते खोटं असल्याचा दाखला लागेल असं सांगण्यात आलं. खोट्या पिस्तुलाचा दाखला कोण देतं हे ठाण्यातही कुणाला माहीत नव्हतं. शेवटी सर एसटीनं सांगलीला गेले, जिथून पिस्तूल घेतलं त्या खेळण्यांच्या दुकानदारासमोर उभे राहिले, आणि त्यानं बिलाच्या पाठीमागं लिहून दिलं: 'हे पिस्तूल टिकल्यांचे असून आवाजाशिवाय काही करत नाही.' ते मान्य झालं.

आठवड्यानं परवानगी मिळाली. संहितेच्या शेवटच्या पानाखाली हवालदार ऋषिराज याचा शेरा होता. हा दोन हजार तीनच्या दहावीचा. अक्षर सुंदर, ते सरांनीच वळवलेलं. 'वाचले. आक्षेपार्ह काही नाही. नवीनही काही नाही. खून जुळ्या भावाने केला आहे हे पान पाचवरच समजते. परवानगी द्यावी.'

त्या दिवशी सर जेवले नाहीत. उमाबाईंनी विचारलं तर म्हणाले, पोट जड आहे. त्यांना काहीच कळेनासं झालं होतं. मामाला खुनी केलं की मामा ओळखतात, डॉक्टरला केलं की डॉक्टर. माणूस खुनी बदलतो की लगेच तिकडून कोणीतरी तेच नाव घेऊन उभं राहतं, याला काय म्हणायचं? आपल्या चेहऱ्यावर दिसतं की काय, म्हणून त्यांनी आरशातही पाहिलं. आरशात एक गोंधळलेला म्हातारा होता, आणि तो कोणाचंच नाव घेत नव्हता.

मग त्यांनी जुन्या नाटकमंडळींची युक्ती केली. पूर्वी नाटकाची प्रत एकच असायची आणि प्रत्येक नटाला फक्त त्याची नक्कल मिळायची, म्हणजे त्याची स्वतःची वाक्यं आणि त्याआधीच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. सरांनी रात्रंदिवस बसून हातानं नकला उतरवल्या. तालीमसुद्धा एकेकाला घरी बोलवून वेगवेगळी घेतली. शेवटचं पान मात्र कुणालाच दिलं नाही. त्यावर नवा खुनी होता, मुनीम. ते पान पाकिटात घालून, डिंकानं चिकटवून त्यांनी स्टेजवरच्या भिंतीच्या घड्याळात ठेवायचं ठरवलं. गुप्तहेर झालेल्या विश्वजीतनं शेवटी घड्याळ उघडायचं, पाकीट फोडायचं आणि वाचायचं. म्हणजे नटांनाही तेव्हाच कळणार.

"सर, मला आधी सांगा की," विश्वजीत म्हणाला. "मी गुप्तहेर आहे."

"म्हणूनच नको," सर म्हणाले.

मेळाव्याच्या रविवारी दुपारी शाळेचा हॉल भरला. केस पिकलेली, टक्कल पडलेली, नातवंडं झालेली मुलं-मुली तुकडीवार बसली. पुढच्या रांगेत मानाच्या खुर्चीवर रंगुबाई होती. शाळेची शिपाई. कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजवून तिनं एकतीस वर्षं तास भरवले आणि सोडले होते. तिच्या सत्कारासाठी विश्वजीतनं तो रुळाचा तुकडा आणि हातोडी दोन्ही हॉलमध्ये आणून लावलं होतं. सर विंगेत उभे राहिले. पडदा उघडला. सुभेदार छातीत इंजेक्शन घेऊन अतिशय ताठ मेले.

पहिला घोटाळा नकलांनी केला. गुप्तहेर आत आला आणि मामाकडं बघून म्हणाला, "खून झाला तेव्हा तुम्ही कुठं होता?" हे वाक्य तो चौघांना आळीपाळीनं विचारणार होता. पण चौघांच्याही नकलेत आधीचे शब्द 'तुम्ही कुठं होता' असेच होते. तेव्हा चौघंही एकदम बोलू लागले. मुनीम तर तिसऱ्या प्रवेशापर्यंत पोचला, कारण त्याला कोणी थांबवलंच नाही.

प्रेक्षकांनी ते फार मनावर घेतलं नाही. पण आमच्या भागात नाटकाला एक रीत आहे. एखाद्याचं काम आवडलं की प्रेक्षक चिठ्ठी आणि बक्षीस पाठवतात, आणि नाटक तिथल्या तिथं थांबवून ते माइकवर पुकारलं जातं. मेळाव्यात नारळ आणि टोपी असं बक्षीस ठरलं होतं. पुकारायला दोन हजार नऊच्या दहावीची राजनंदिनी होती. बरोबर दहाव्या मिनिटाला ती माइकवर आली आणि खणखणीत आवाजात तिनं वाचलं:

"खुनी मामाचं झकास काम केल्याबद्दल, एक्याण्णवच्या तुकडीकडून एक टोपी, एक नारळ."

आंधळ्या मामानं काठी बगलेत मारली, चालत येऊन नारळ घेतला आणि पुन्हा आंधळा झाला.

सरांनी विंगेचा खांब धरला. मामा नाही खुनी, असं त्यांना ओरडायचं होतं. पण एवढ्यात शहाण्णवच्या तुकडीतून सुभेदारांची लेक शिवांजली उठली आणि म्हणाली की मामा कसला, खुनी डॉक्टर आहे. तिनं डॉक्टरला टोपी आणि नारळ पाठवला. हवालदार ऋषिराज दाराशी बंदोबस्ताला होता. त्यानं तिथूनच सांगितलं की कागदोपत्री जुळा भाऊ आहे, आणि जुळ्या भावाला टोपी पाठवली. आणि राजनंदिनीनं माइक हातात असल्याचा फायदा घेऊन स्वतःच्या तुकडीतर्फे मुनिमाला टोपी जाहीर केली.

चारही संशयित टोप्या घालून उभे राहिले. सरांच्या पाकिटातलं गुपित, डिंकासकट, नारळाच्या भावानं गेलं होतं.

विश्वजीतला वाटलं, आता वाद वाढण्याआधी उलगडा करावा. त्यानं घड्याळ उघडलं, पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं, "सदर लाउडस्पीकर दुपारी दोन ते सहा या वेळेतच..." पुढं तो वाचेनासा झाला. आदल्या दिवशी परवानगीची प्रत ठाण्यात जमा करताना कागदांची अदलाबदल झाली होती, आणि मुनीम खुनी असल्याचं पान ठाण्याच्या फायलीत गेलं होतं.

हॉलमध्ये एकच गलका झाला. आणि त्या गलक्यातून सरांच्या कानावर एक वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागलं. एक्याण्णववाले सांगत होते, शहाण्णववाले सांगत होते, सगळे तेच सांगत होते: अरे, सरांनीच सांगितलीय ही गोष्ट, आमच्या वर्गात, ऑफ तासाला. बंगला तोच, घड्याळ तेच, दहा वाजून दहा मिनिटं तीच. फक्त तेव्हा पाचगणी नव्हती.

सर स्टेजवर आले. कुणी बोलावलं म्हणून नाही, पाय आले म्हणून. मुलं गप्प झाली. सरांना आठवलं. आधी वाटलं, दोन-तीनदा सांगितली असेल. ती दरवर्षी सांगितली होती. उमाबाईंना लग्नानंतर सातारा ते पलूस एसटीत सांगितली होती, ती कराडला गाडी बंद पडल्यामुळं अर्धी राहिली होती.

"सर," विश्वजीत म्हणाला, "आमच्या वेळी शेवटाला घंटा झाली. मग आम्ही ठरवलं, मामाच असणार."

"आमच्याही वेळी घंटाच झाली," शिवांजली म्हणाली.

प्रत्येक तुकडीच्या वेळी घंटा झाली होती. सरांचा हात सवयीनं चष्म्याकडं गेला. त्यांनी चष्मा काढला आणि खिडकीकडं तोंड करून तो पुसू लागले. पुढच्या रांगेत रंगुबाई सावरून बसली, पण उठली नाही.

"न्हाई सर," ती म्हणाली. "आज न्हाई वाजवायची मी. एकतीस वर्सं तुमी चष्मा पुसला की मी घंटा दिली. घड्याळ काय म्हनतंय बगितलं न्हाई, हेडसरांचं बोलणं खाल्लं. दाराभाईर हुबी ऱ्हाऊन मीबी आयकायची की. आज शेवट सांगा."

आणि तिनं हातोडी पदराखाली घेतली.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आजवर जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी तेव्हा सांगितलं. साताऱ्याला शिकत असताना एका वाचनालयातून त्यांनी एक फाटकं पुस्तक आणलं होतं. त्याची शेवटची सोळा पानं नव्हती. पुस्तकाचं नाव असलेलं पानही नव्हतं, त्यामुळं दुसरी प्रत कधी सापडली नाही. खुनी कोण, हे त्यांना कधीच कळलं नाही. गोष्ट तर इतकी चांगली होती की मुलांना सांगितल्यावाचून राहवत नसे. म्हणून ती घंटा.

"मला माहीत नाही रे," सर म्हणाले. "मला खुनी माहीत नाही."

पन्नाशीची मुलं सरांकडं अशी बघत होती, जणू परीक्षेत सरांनाच उत्तर आलं नाही. मग रंगुबाई म्हणाली, "मंग आता तुमीच ठरवा की. पुस्तकवाला काय देवाकडनं इचारून आला हुता?"

त्या क्षणी मेलेल्या सुभेदारांना शिंक आली. अर्धा तास ते जमिनीवर ताठ होते, आणि वर भांडण चाललेलं असताना फौजी माणसानं किती वेळ पडून राहावं? त्यांनी सरळ उठून बसत मिशा झाडल्या. सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. आणि शेडगे सरांच्या डोक्यात, जिथं इतकी वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं राहत होती, एक गोष्ट स्वतःच्या पायानं चालत आली.

ते वर्गात सांगत तसं सांगू लागले. खून झालाच नव्हता. दाजीसाहेब मेलेच नव्हते. म्हातारपणी त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, की आपण गेल्यावर मागं आपलं असं काय राहतं. म्हणून त्यांनी डॉक्टरला सांगून मेल्याचं सोंग घेतलं, घड्याळ स्वतः बंद केलं आणि पडून ऐकत राहिले. ऐकलं तर काय, चौघे इस्टेटीवर भांडत होते आणि त्यांच्याबद्दल एक शब्द कोणी बोलत नव्हतं. फक्त दाराबाहेर घरची म्हातारी मोलकरीण रडत होती. दाजीसाहेब उठले आणि आधी तिला जाऊन म्हणाले, बाई, चहा टाक.

सुभेदारांनी ते स्टेजवरच करून दाखवलं. टाळ्या थांबेनात. चारही खुन्यांनी टोप्या काढल्या. सर खाली मान घालून उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. शाल नव्हती, नारळ नव्हता, पण आठ वर्षं सलत असलेला काटा निघाल्यासारखा त्यांचा चेहरा होता. ही गोष्ट त्यांची होती. ही आधी कोणालाही ठाऊक नव्हती.

टाळ्या विरल्या तशी रंगुबाईनं हातोडी बाहेर काढली आणि शेजारणीला म्हणाली, ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "मला पैल्यापासनं वाटतच हुतं. त्यो मेला न्हाई."

आणि तिनं घंटा दिली. दीडशे बाप्ये आणि बाया क्षणात उठल्या आणि जेवणाच्या मांडवाकडं पळाल्या.

संध्याकाळी सर आणि उमाबाई घरी चालत निघाले. शाळेचं कुंपण संपलं, ऊस सुरू झाला, तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की, शेवट तुला आधी कळला होता का.

उमाबाईंनी चपलेतला खडा काढला. मग म्हणाल्या, "नाही हो. हा मेला मला नव्हता कळला."

त्या खरं बोलल्या का, हे सरांना कळलं नाही. चष्मा पुसायला त्यांनी हात वर नेला आणि मग तसाच खाली घेतला. या एका प्रकरणाचा तपास त्यांना करायचा नव्हता.